मोतीबिंदूला इको कशाला? (फिटनेसच्या नावाने चाललेली लूट, म्हणे)

खाडीकाठ: काल इथे एकाने लिहिलं, 'ऑपरेशनआधीच्या तपासण्या म्हणजे पैसे काढायचा धंदा, सरळ नकार द्या.' झोप उडाली माझी. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. भुलीला शरीर झेपेल का ते बघायच्या फिटनेस तपासणीला गेलो तर डॉक्टरांनी छातीला नळी लावली नि म्हणाले, आवाज वेगळा येतोय. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप आकसलेली निघाली. कमरेत भूल दिली असती तर बीपी धाडकन खाली आलं असतं. ऑपरेशन दीड महिना पुढे गेलं. तेव्हा मीही शिव्याच घातल्या होत्या.

रापणवाला: ते लिहिणारा मीच. तुझ्या बाबांचं नळीने कळलं ना? नळी फुकट असते! माझ्या आईचा मोतीबिंदू, डोळ्यात थेंब टाकून पंधरा मिनिटांत उरकला. त्यासाठी एक्स-रे, इको, रक्ताच्या डझनभर तपासण्या. वर इकोला गाडी करून कोल्हापूर, गगनबावडा घाटात आई तीनदा ओकली. 2000 साली अमेरिका-कॅनडात 19 हजारांवर मोतीबिंदू ऑपरेशनं तपासली होती. ठरावीक तपासण्या केल्या काय, नाही केल्या काय, गुंतागुंत सारखीच.

भूलवाली: मोतीबिंदूचं बरोबर आहे. पण तो नियम हर्नियाला, गुडघ्याला लावू नका. आणि आम्ही नुसते रिपोर्ट बघत नाही हो. विचारतो, मिश्री लावता का, हलणारा दात आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. उत्तर एकच, 'काही नाही.' मग टेबलावर कळतं. परवा एक आजोबा उपाशीपोटी आले. सकाळी फक्त पेज घेतलेली!

आंबोळी: पेज म्हणजे पाणीच ना गो बाय?

भूलवाली: पाणी नव्हे! दुधाचा चहा, पेज, सगळ्याला सहा तास. साधं पाणी, कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं तर निस्तरायचं कोणी?

आंबोळी: आणि शितां काढून नुसती निवळ घेतली तर?

खाडीकाठ: मूळ मुद्दा काय, चाललंय काय!

भूलवाली: निवळसुद्धा नाही. आरपार दिसतं का तिच्यातून?

रापणवाला: पेजेला जेवण म्हणणारी बाई घाटावरचीच असणार.

भूलवाली: माहेर मालवण, सासर देवगड. आणि त्या आजोबांचं ऑपरेशन पेजेपायी दुसऱ्या दिवसावर गेलं. मुलगा मुंबईहून रात्रभर उभ्याने आलेला, तो माझ्यावरच ओरडला.

रापणवाला: बरं बाई, हरलो. नकार द्या हे चुकलं, 'कशासाठी ते विचारा' असं लिहायला हवं होतं. आता आईच्या इकोचे पैसे तुम्हीच पाठवा.

खाडीकाठ: चला, निदान अर्धं तरी कबूल केलंस.

आंबोळी: तुमचा काय ता मिटवा. पण पेज पितत, खातत तो भात.