‘ताण कमी करायचा’ म्हणजे नेमके काय करायचे? मोजता येणाऱ्या उद्दिष्टांचे अनुभव

‘या वर्षी ताण कमी करायचा’ हे वाक्य मी सलग तीन वर्षे रोजनिशीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि तिन्ही वर्षी डिसेंबरात ते पुन्हा वाचताना, ठरवलेले घडले की नाही, हे मला सांगता आले नाही. वजनाला काटा असतो, तापाला तापमापक असतो. ताणाच्या बाबतीत मात्र ‘आता जरा बरे आहे’ आणि ‘आपले काही खरे नाही’ या दोन टोकांमध्ये आपण हेलकावे खात राहतो. व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी 1981 मध्ये उद्दिष्टे कशी लिहावीत याच्या पाच कसोट्या मांडल्या (उद्दिष्ट नेमके, मोजता येणारे, कुणी करायचे ते ठरलेले, आवाक्यातले आणि मुदतीचे असावे), ज्या ‘स्मार्ट’ या नावाने कार्यालयांतून आजही घोकून घेतल्या जातात. विक्रीच्या आकड्यांसाठी वापरली जाणारी ही पट्टी स्वतःच्या मनःस्थितीला लावून पाहिलेली मंडळी नक्की असतील. आपण काय मोजले, किती दिवस मोजले, काय बदलले आणि काय फसले, हे कृपया तपशिलाने लिहावे. फसलेले प्रयोग विशेष स्वागतार्ह आहेत. ‘रोज ध्यान करा, सगळे ठीक होईल’ अशा सल्ल्यांना मात्र येथे जागा नको.

सुरुवात माझ्यापासून करते. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडलेल्या, जाणवणारा ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीची दहा प्रश्नांची आवृत्ती मी भरली. गेल्या महिन्याभरात अमुक भावना किती वेळा आली, याला शून्य ते चार असे गुण द्यायचे असतात आणि बेरीज शून्य ते चाळीस यांच्यामध्ये येते. माझी बेरीज 21 आली आणि मी निःश्वास सोडला. दोन दिवसांनी लक्षात आले की, दहापैकी चार प्रश्न सकारात्मक आहेत आणि त्यांचे गुण उलटे धरायचे असतात. ते दुरुस्त केल्यावर बेरीज 27 झाली. तीन महिन्यांत ती 20 वर आणायची, असे उद्दिष्ट मी ठरवले. महिन्याने पुन्हा भरली तेव्हा ती 26 होती, आणि तेव्हा कुठे उमगले की हा आकडा म्हणजे निकालपत्र आहे, अभ्यास नव्हे. मग मी माझ्या हातात असलेली एकच गोष्ट निवडली: आठवड्यातील पाचपैकी चार दिवस सायंकाळी सातच्या आत काम थांबवायचे. रोजनिशीच्या मागच्या पानावर पाच चौकटी आखल्या. ज्या दिवशी सात वाजून दहा मिनिटे झाली त्या दिवशी खूण करावी की नाही, यावर मी पेन हातात घेऊन पाच मिनिटे विचार करत बसले होते, हेही प्रामाणिकपणे सांगते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी बेरीज 22 होती. ठरवलेले 20 गाठले नाही, परंतु या वेळी काय घडले आणि काय नाही, हे मला सांगता येत होते.

रात्रपाळी करणारी परिचारिका

माझे उद्दिष्ट कागदावर अगदी निर्दोष होते: रोज सात तास झोप, दोन महिने. मनगटावरचे घड्याळ झोपेला गुण द्यायचे आणि डोळे उघडताच मी ते गुण पाहायचे. उठताना अंग हलके वाटत असले तरी घड्याळाने 58 दाखवले की दिवसभर थकवा जाणवत असे. पुढे कळले की, घड्याळाच्या आकड्यांपायी झोपेचीच धास्ती घेण्याच्या या प्रकाराला संशोधकांनी 2017 मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही देऊन ठेवले आहे. मूळ चूक ही होती की, झोप लागणे माझ्या हातात नव्हते आणि मी नेमके त्याचेच उद्दिष्ट केले होते. आता मी फक्त दोन गोष्टींची नोंद ठेवते: पाळी संपल्यानंतर ठरलेल्या वेळी अंथरुणावर पडले का, आणि अंदाजे वीस मिनिटे झोप आली नाही तर तळमळत न राहता उठून बसले का. अंदाजे म्हटले, कारण घड्याळ आता कपाटात आहे. पाळ्या बदलतात त्या आठवड्यात गणित कोलमडते, म्हणून तो आठवडा मी मोजतच नाही.

हिशेबनीस

मी काळजी मोजली. ऐकणाऱ्याला हसू येते, परंतु यामागे जुने संशोधन आहे. टॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 च्या सुमारास असा मार्ग तपासला होता की, काळजीसाठी रोज ठरावीक जागी ठरावीक अर्धा तास राखून ठेवायचा आणि इतर वेळी मनात येणारी काळजी त्या वेळेवर ढकलायची. मी सायंकाळी साडेपाच ते सहा ही वेळ ठरवली. दिवसभरात काळजी आली की ती कागदाच्या चिठोऱ्यावर एका ओळीत लिहायची आणि चिठोरा चष्म्याच्या डबीत टाकायचा. पहिल्या आठवड्यात 41 चिठोरे जमले. डबीचे झाकण लागेना, म्हणून चष्मा खिशात ठेवावा लागला. साडेपाचला एकेक चिठोरा उघडताना असे दिसे की, सकाळी अकराला जी गोष्ट छातीवर दगडासारखी होती, तिच्याबाबत निम्म्या वेळा करण्यासारखे काही उरलेलेच नसे. ‘साहेबांनी नमस्कार केला नाही’ असा एक चिठोरा मी अजून जपून ठेवला आहे. सहाव्या आठवड्यात चिठोरे 17 वर आले. काळज्या खरोखर कमी झाल्या की लिहिण्याचा कंटाळा आला, हा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला आणि त्याचे ठाम उत्तर माझ्याकडे नाही. अर्ध्या तासाची बैठक मात्र मी चालू ठेवली आहे.

निवृत्त अभियंता

मोजमापाची खोड जन्माची असल्यामुळे मी घरी रक्तदाब यंत्र आणले आणि ‘ताण कमी म्हणजे वरचा आकडा 130 च्या खाली’ असे ठरवून टाकले. दिवसातून दहा-अकरा वेळा पट्टा बांधत होतो. आकडा वाढला की घाबरून लगेच पुन्हा मोजत असे आणि तो आणखी वाढलेला दिसे. डॉक्टरांनी वही पाहिली, पहिला प्रश्न विचारला, ‘मोजण्यापूर्वी किती वेळ शांत बसता?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी जिना चढून आल्याबरोबर मोजत होतो. पाच मिनिटे पाठ टेकवून बसणे, पावले जमिनीवर सपाट, दंड हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलणे नाही, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी, ही शिस्त त्यांनी लावून दिली. शिवाय सकाळ-संध्याकाळ सोडून यंत्राला हात लावायचा नाही, अशी ताकीदही दिली. रक्तदाब हा ताणाचा मापक नव्हे, तो अनेक कारणांनी बदलतो, हे त्यांनी दोनदा सांगितले आणि मला दोनदा ऐकण्याची गरजही होती. उद्दिष्ट आता चालण्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. रोज 22 मिनिटे चालले की आठवड्याचे 154 होतात, आणि वरची ती चार मिनिटे शिलकीत पडलेली पाहून अभियंत्याला जो आनंद होतो, त्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

(थोडक्यात लिहिणारी एक वकील)

सुनावणीपूर्वी पाच मिनिटे संथ श्वसन: पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास आणि एकूण तीस. मी बोटांच्या पेरांवर मोजते. महिन्यातील 14 सुनावण्यांपैकी 11 वेळा केले. हात थरथरणे कमी झाले. निकालांवर परिणाम झाल्याचा दावा नाही.

संशोधन करणारा विद्यार्थी

येथील एकंदर सुराला थोडा छेद देतो. मोजल्याने माझा ताण वाढला होता. ध्यानाचे एक अ‍ॅप सलग किती दिवस झाले ते दाखवत असे. 40 दिवसांची अखंड साखळी झाली, एक्केचाळिसाव्या दिवशी प्रवासात राहून गेले, आकडा शून्यावर आला आणि त्यानंतर दोन महिने मी त्या वाटेला गेलो नाही. चाळीस दिवस मी शांततेसाठी बसत होतो की साखळीसाठी, हे मला त्या शून्याने दाखवले. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे, ज्याचा आशय असा की, एखादे माप हेच लक्ष्य झाले की ते चांगले माप उरत नाही. पतधोरणाच्या संदर्भात 1975 मध्ये मांडलेले हे निरीक्षण माझ्या उशाशी असलेल्या फोनला इतके चपखल लागू पडेल, असे वाटले नव्हते.

मोजणे मी पूर्ण सोडलेले नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात यावर केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला आढळला, मधला आकडा 66 होता, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडत नाही, असेही दिसले. ते वाचल्यावर मी ‘रोज’ हा शब्द काढून टाकला आणि ‘सातांपैकी पाच’ असे लिहिले. चुकण्याचे दोन दिवस उद्दिष्टातच धरलेले असल्यामुळे चुकल्यावर आता गुन्हेगार असल्यासारखे वाटत नाही.

एका संगणक कंपनीतील चमूप्रमुख

विद्यार्थ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु माझ्या बाबतीत मोजण्याचा उपयोग वेगळाच झाला. मला योग, श्वसन, छंद असे सगळे सुचवून झाले होते, आणि ताणाचे मूळ मात्र रात्री येणाऱ्या कामाच्या संदेशांत होते. स्वतःला सुधारण्याऐवजी मी चार आठवडे फक्त नोंद ठेवली: रात्री नऊनंतर किती संदेश आले आणि त्यांपैकी किती खरोखर सकाळपर्यंत थांबू शकत नव्हते. एकूण 92 संदेश आले; तातडीचे सात. ‘मला फार ताण येतो’ असे मी वरिष्ठांना पूर्वी दोनदा सांगितले होते आणि दोन्ही वेळा सहानुभूती मिळाली होती. या वेळी कागद ठेवला, तेव्हा तातडीच्या कामासाठी फोन करायचा आणि बाकी सर्व सकाळी, असा नियम दहा मिनिटांत ठरला. माझे उद्दिष्ट महिन्याला दहापेक्षा कमी संदेश हे होते. गेल्या महिन्यात 13 आले, त्यांतील चार दुर्दैवाने मीच सुरू केलेल्या संभाषणातले होते.

मध्येच एक पुस्ती धागा सुरू करणारीकडून: कुणी तरी विचारले आहे की, उद्दिष्ट गाठले नाही तर कधी थांबावे. मी माझ्या पानावर एक वेगळी ओळ लिहून ठेवली आहे: सलग दोन आठवडे झोप, भूक किंवा कामातील लक्ष बिघडलेलेच राहिले, तर चौकटी भरणे बंद आणि डॉक्टरांची वेळ घ्यायची. जगणे नकोसे वाटले तर दोन आठवड्यांची वाटही पाहायची नाही. ही ओळ बरे असताना लिहावी, कारण बिघडल्यावर माणूस ‘अजून एक आठवडा पाहू’ म्हणत राहतो.

अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करणारी

वरचे अनुभव वाचताना मला वाटत होते की, यांतील काहीच आपल्या उपयोगाचे नाही. आईचा आजार कमी होणार नाही, त्यामुळे ताणाचे कारण हटणार नाही, मग मोजायचे तरी काय? होम्स आणि राही यांनी 1967 मध्ये आयुष्यातील ताण आणणाऱ्या 43 घटनांना गुण देऊन एक कोष्टक केले होते. ते भरून बेरीज पाहिली आणि कागद दुमडून ठेवला, कारण त्यातील एकही घटना पुसणे माझ्या हाती नव्हते.

समुपदेशक बाईंनी मला एकच प्रश्न विचारला: ‘गेल्या आठवड्यात तुम्ही कुणाकडे, कोणत्या दिवशी, किती तासांची मदत मागितली?’ मी म्हणाले, सगळ्यांना माहीत आहे की मला मदत हवी आहे. त्या म्हणाल्या, ‘मागितली का, असं मी विचारलं.’ मागितली नव्हती. मी वर्षभर सुस्कारे टाकले होते, भावाच्या फोनवर ‘चाललंय’ म्हटले होते आणि त्याला कळत नाही म्हणून मनातल्या मनात चिडले होते. उद्दिष्ट असे ठरले: बारा आठवडे, दर आठवड्याला एकदा, दिवस आणि तास सांगून मदत मागायची. मिळाली की नाही, हे मोजायचे नाही. मागितली की नाही, एवढेच.

पहिल्या आठवड्यात तीन वेळा फोन हातात घेऊन खाली ठेवला. शेवटी ‘शनिवारी चार ते सहा आईजवळ बसशील का’ एवढे लिहून पाठवले. भाऊ आला, औषधांचा तक्ता वाचला, कूस कशी बदलायची ते शिकून घेतले, आणि निघताना दारात म्हणाला, ‘ताई, तू नुसती दमलेली दिसायचीस. मला काय करायचं ते कळायचंच नाही.’ मला राग आला आणि रडूही आले, आणि दोन्ही खरे होते.

बारांपैकी दहा आठवडे मागितले. सात वेळा कुणी तरी आले. त्या पहिल्या शनिवारी मी दोन तास काय केले, असे विचाराल तर काही नाही. शेजारच्या खोलीत दार लावून बसले होते, आणि पाच वाजून वीस मिनिटांनी लक्षात आले की आईच्या श्वासाचा आवाज ऐकण्यासाठी कान टवकारलेले नाहीत. ती वेळ मी तक्त्याच्या कडेला लिहून ठेवली आहे.