अमेरिकन फुटबॉलमध्ये पंटरला (लांब किक मारून बॉल समोरच्या टीमला देणाऱ्याला) धक्का लागला की कधी ५ यार्ड आणि कधी १५, हे कशावरून ठरतं?

कृष्णाकाठ_सांगली:
सोमवारी पहाटे उठून एनएफएलची (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) मॅच बघतो. परवा चौथा डाऊन (१० यार्ड पुढं जायच्या चार संधींपैकी शेवटची) होता, अजून ८ यार्ड पाहिजे होते, पंट मारला आणि समोरचा गडी पंटरवर आला, फाऊलचा फ्लॅग पडला, मला वाटलं झालं फर्स्ट डाऊन (नव्यानं चार संधी), तर ५ यार्डच दिले आणि परत पंट मारायला लावला. आधीच्या आठवड्यात असाच धक्का होता, तेव्हा १५ आणि वर फर्स्ट डाऊन. पंटर दोन्ही वेळेला पडला की राव, मग फरक काय?

विटेकर:
ते दोन वेगळे फाऊल आहेत. रनिंग इंटू द किकर म्हणजे ५ यार्ड, त्यात फर्स्ट डाऊन आपोआप मिळत नाही. तुझ्या मॅचमध्ये ८ चे ३ राहिले, म्हणून परत चौथाच डाऊन. ४ च पाहिजे असते तर त्या ५ नं भागलं असतं. जास्त धोक्याच्या धक्क्याला, म्हणजे रफिंगला, मात्र १५ आणि फर्स्ट डाऊन ठरलेलाच.

कराडचा_पंच:
पंटर पडला का हे बघूच नका, कुठल्या पायाला लागलं ते बघा. मी कबड्डीत पंच असतो, बोनस देताना एक पाय रेषेपलीकडं गेला तरी मागचा पाय हवेत आहे का यावर नजर ठेवावी लागते, हे तसंच आहे. किक मारलेला पाय हवेत असताना सगळा भार जमिनीवरच्या पायावर असतो, त्याला धडकला तर गुडघा जाऊ शकतो, म्हणून एनएफएलमध्ये ते रफिंग. नुसतं किकच्या पायाला लागलं किंवा उतरायच्या जागी खाली घुसला तर ५ यार्ड. ही नजर पांढऱ्या टोपीवाल्या रेफरीची, तो पंटरच्या मागंच उभा असतो. अंगावर जोरात आदळला तर पाय बघायची गरजच नाही, रफिंगच.

विटेकर:
आणि बॉलला आधी हात लागला असेल तर?

कराडचा_पंच:
ज्यानं बॉल अडवला त्याचा ओघात धक्का लागला तर माफ. पंटरच्याच टीममधल्यानं ढकलून अंगावर घातला तरी फाऊल नाही. स्नॅप (पंटरकडं मागं फेकलेला बॉल) हातून सुटून खाली पडला आणि पंटरनं उचलून मारला तर त्याचंही संरक्षण जातं. कॉलेजच्या नियमात बॉल घेऊन टॅकल बॉक्सच्या (स्नॅपच्या जागेभोवतीचा मधला ठरलेला पट्टा) बाहेर पळत जाऊन मारला तरी जातं.

कृष्णाकाठ_सांगली:
आत्ता स्लो करून परत बघितलं. परवाचा धक्का वर गेलेल्या पायालाच होता, खालचा पाय मोकळा होता. आधीच्या आठवड्यात तो गडी सरळ खालच्या पायावर लोळला होता. दोन्ही निर्णय बरोबर होते म्हणायचे.