छोट्या मिलिंग मशीनची हँडव्हील काढावीत का?

दांडियाबाजारकर:
घरच्या मिलिंग मशीनला (फिरत्या कटरनं धातू कापणारं) सीएनसी किट, म्हणजे कॉम्प्युटरनं मशीन चालवायचं सामान, लावायचं म्हटलं की बडोद्यात जो तो सांगतो, हँडव्हील, म्हणजे टेबल सरकवायची हाताची चाकं, काढा, मोटरी बसवा. मला हे अजिबात पटत नाही. आपण अधूनमधून एखादं ब्रॅकेट करणारी माणसं. प्लेटची कड सरळ करून दोन भोकं पाडायची, तर वाइसमध्ये पकडून हातानं काम उरकतं. सीएनसीवर तोवर ड्रॉइंग आणि टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग आखणंच चाललेलं असतं. शिवाय एंडमिल, म्हणजे मशीनचा कटर, बोथट झाली की आधी हाताला कळतं, चाक जड लागतं. साधी स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्यानं फिरणारी) जोर पडला की स्टेप चुकवते आणि कंट्रोलरला वाटतं, टेबल जागेवर पोचलं. नव्या माणसानं आधी हातानंच शिकावं.

मकरपुरा_टूलरूम:
दोन भोकांपुरतं खरं आहे, भाऊ. गोलाकार खाच कशी कराल? एक्स आणि वाय, म्हणजे डावी-उजवीकडची आणि पुढं-मागची चाकं, एकदम फिरवून कमान जमत नाही. रोटरी टेबल, म्हणजे तुकडा गोल फिरवणारं टेबल, लावा, त्याचं सेंटर शोधत बसा. अमेरिकेतल्या एमआयटीनं १९५२ मध्ये पंच टेपवर, म्हणजे भोकांच्या पट्टीवरल्या सूचनांवर, चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, त्यामागची गरजच विमानांच्या वळणदार भागांची होती. आणि टेबल सरकवणाऱ्या जुन्या स्क्रूतला प्ले, म्हणजे ढिलेपणा? कटरचे दात फीडच्याच, म्हणजे टेबल सरकतं त्याच, दिशेनं कापत असले तर कटर टेबलाला ओढतो, झटका बसतो, एंडमिल तुटते. बॉलस्क्रू, म्हणजे आत गोळ्यांवर फिरणारा स्क्रू, लावला की प्ले जवळजवळ जातो.

दांडियाबाजारकर:
मग बॉलस्क्रू लावू, पण चाकं मोटरीच्या मागच्या टोकाला ठेवू. दोन्हीकडे शाफ्ट असलेल्या मोटरी मिळतात.

मकरपुरा_टूलरूम:
ते मुळीच करू नका. बॉलस्क्रूत घर्षण इतकं कमी, की मोटरीचा करंट बंद असला तर कटरच टेबल सरकवू शकतो. साधा स्क्रू स्वतः अडून राहतो, हा नाही. करंट चालू ठेवला तर चाक फिरवताना मोटर अडवते. आणि प्रोग्राम सुरू असताना तीच चाकं गरागरा फिरतात, चाकाची मूठ बाहीत अडकली तर हात जाईल. त्यापेक्षा पेंडंट, म्हणजे छोट्या चाकाचं हातातलं रिमोट, घ्या. एका खटक्याला ०.०१ मिमी, आणि कंट्रोलरचा हिशेबही चुकत नाही.

दांडियाबाजारकर:
पेंडंटच्या चाकात कटरचा दाब हाताला लागत नाही हो. माझा सगळा मुद्दा तोच आहे.

रावपुरा_फिटर:
आधी डीआरओ, म्हणजे टेबलाची जागा आकड्यात दाखवणारा डिस्प्ले, लावा. त्याची स्केल टेबलाची हालचाल थेट मोजते, त्यामुळे स्क्रूचा प्ले आकड्यात शिरत नाही. हँडव्हीलच्या डायलवर दिशा बदलली की प्ले संपेपर्यंत रेघा सरकतात, टेबल हलतच नाही; घोटाळा तिथे होतो.

दांडियाबाजारकर:
डीआरओ मान्य. लांब कटला हातानं फीड एकसारखा राहत नाही, जॉबवर रेघा उठतात, हेही मान्य. तेवढ्यासाठी एक्सला पॉवर फीड, म्हणजे टेबल एकसारखं सरकवणारी मोटर, लावीन. वाय आणि झेडची (वर-खाली) चाकं मात्र काढणार नाही.