कोल्हापुरात बसायचं कुठं? (मिसळ सोडून सांगा)

आठव्या_गल्लीतून

मुंबई ऑफिसातली एक सहकारी दोन दिवसांसाठी इकडं येणार होती. तिला भेटायला आणि थोडं काम करायला जागा हवी, म्हणून मी तीन ग्रुपांवर विचारलो, "निवांत बसता येईल, लॅपटॉप उघडता येईल असा चांगला कॅफे सांगा." बावीस उत्तरं आली. नऊ जणांनी फडतरे मिसळ सांगितली, पाच जणांनी बावडा मिसळ, दोघांनी खासबाग मिसळ. राजाभाऊची भेळ आली, सोळंकीचं कॉकटेल आईस्क्रीम आलं. एकानं तर गंगावेशीचा दूध कट्टा सांगितला, जिथं समोरच म्हशीची धार काढून ग्लास भरून देतात. मुंबईच्या पाहुणीनं म्हशीशेजारी उभं राहून लॅपटॉप उघडायचा, असं बहुतेक त्याच्या मनात असावं.

मिसळीवर माझा राग नाही. मी उद्यमनगरात रांगेत उभारून वाढलो. पण मिसळीच्या दुकानात तुम्ही बसत नाही, तुम्हाला वाढलं जातं. ताट येतं, मागोमाग कट, म्हणजे तिखट रस्सा, येतो, ब्रेडच्या जाड स्लाइस येतात, दुसऱ्यांदा कट येतो, आणि तोवर तुमच्या खुर्चीच्या मागं कुणीतरी उभा राहून तुमचे ब्रेड मोजालेला असतो. त्याचंही चुकत नाही. कट सकाळी एकदा होतो, मोठ्या पातेल्यात, आणि तो संपला की दुकान संपलं. तिथं रेंगाळणं म्हणजे मागच्याच्या पोटावर पाय.

माझं म्हणणं एवढंच: या गावात खायच्या जागा रग्गड आहेत, बसायच्या नाहीत. मी २०२० पासून घरून काम करतो. आठवड्यातनं दोन दुपारी राजारामपुरीतल्या नाहीतर ताराबाई पार्कातल्या एका कॅफेत जातो. टेबलाजवळ प्लग, गाणी हळू, बाथरूम स्वच्छ आणि "अजून काही?" असं दर पंधरा मिनिटांनी विचारत नाहीत. या चार गोष्टी जिथं असतील ती नावं सांगा. कॉफी कशी का असेना.

उद्यमनगर_फाउंड्री

कॉफी कशी का असेना! इथंच मुद्दा संपला. दीडशे रुपये खुर्चीचं भाडं म्हणून द्यायचे आणि वर त्याला कॅफे म्हणायचं.

भावा, एका कॉफीच्या पैशात माझ्या शॉपमधली दोन पोरं मिसळ खाऊन वर चहा पितात, आणि दुपारपर्यंत भट्टीपुढं उभी राहतात. बसायचंच असेल तर रंकाळा काय पळून गेलाय? संध्यामठाच्या बाजूला जा, कठड्यावर बस, समोर पाणी, मागं वारं. चार तास बस. कोण उठवालंय तुला? प्लग नाही एवढंच, पण मोबाईल चार्ज करायला घर आहे की.

ही पुण्याची हवा आहे. आपल्याकडं माणूस कामाला जातो, नाहीतर कट्ट्यावर जातो. मधलं काही नसतं.

कोथरूडात_कोल्हापुरी

पुण्याच्या नावानं बोटं मोडू नका, इथं तर चहा पिऊन झाला की पाच मिनिटांत ग्लास उचलतात.

पण मित्रा, तू चुकीच्या ठिकाणी शोधालाईस. कोल्हापूरचा कॅफे म्हणजे चहाची टपरी. पाटाकडील आणि दिलबहार तालमींची फुटबॉल मॅच सुटल्यावर शाहू स्टेडियमच्या बाहेरच्या टपऱ्यांवर कधी थांबलायस का? ऑफसाइड होता का नव्हता यावर रात्री अकरापर्यंत माणसं भांडतात, आणि चहावाला मधे पडून रेफ्री होतो. मिरजकर तिकटीला, बिंदू चौकात, प्रत्येक तालमीपुढं असा एक चहावाला आहेच. हाफ चहा सांग, बाकड्यावर टेक, तासभर कोण विचारत नाही. मी कॉलेजची तीन वर्षं बाकड्यावर काढली. अभ्यास सोडून सगळं झालं तिथं.

आठव्या_गल्लीतून

आधी एक दुरुस्ती. भावा नाही आणि मित्रा नाही, ताई.

कोथरूडवाल्यांनी एवढ्या वर्षांत विसरावं याचं वाईट वाटलं. कोल्हापूरच्या पोरी "मी आलो, मी जेवालो" असंच म्हणतात. पुण्यात होस्टेलला असताना मला यावरून महिनाभर चिडवलेत.

आता तुमचे दोन्ही सल्ले परत वाचा आणि माझ्या जागी बसून वाचा. बिंदू चौकातल्या टपरीच्या बाकड्यावर मी एकटी तासभर हाफ चहा घेऊन बसू? रात्री अकरापर्यंत ऑफसाइडवर भांडू? जमत असेल तर आजच येतो.

कागल_नाका

मला "विचारलो" वाचूनच कळलं होतं. मजा बघत थांबलोतो.

उद्यमनगर_फाउंड्री

चुकलं ताई. पण मुद्दा सोडत नाही. टपरीचं मान्य. रंकाळ्याचं काय? रोज संध्याकाळी पद्माराजे उद्यानापासून चौपाटीपर्यंत बायकांचीच गर्दी जास्त असते. माझी आई आणि तिच्या चार मैत्रिणी रोज जातात.

वांगीबोळातली

तुमच्या आई चार मैत्रिणींबरोबर जातात आणि चालतात, हे तुम्हीच लिहिलंय. चालणाऱ्या बाईला कोण काही म्हणत नाही. हातात पुस्तक घेऊन एकटी कठड्यावर वीस मिनिटं बसून बघा म्हणावं. पहिल्या फेरीला बघतात, दुसऱ्या फेरीला हळू होतात, तिसऱ्या फेरीला कुणीतरी सज्जन काका येऊन विचारतात, "बाळ, कुणाची वाट बघालीस का?" काका खरोखर काळजीनंच विचारतात. त्यामुळं रागवताही येत नाही.

दोन_पोरींची_आई

मी कॅफेच्या विरुद्ध आहे आणि मला मागासलेली म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आपल्या जिल्ह्यात कॅफे या शब्दाला काय वास आहे तो सगळ्यांना ठाऊक आहे. पडदे, प्लायवूडचे कप्पे, दिवसा अंधार. पोलिसांचे छापे पडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. माझी थोरली म्हणाली, "आई, कॅफेत अभ्यासाला जाते," तर तिच्या बापानं पुढचं वाक्य ऐकूनच घेतलं नाही.

त्यापेक्षा लायब्ररीत जा. करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठाचं ग्रंथालय आहे.

आठव्या_गल्लीतून

काकू, लायब्ररीत बोलता येत नाही, आणि माझं अर्धं काम फोनवर आहे. कप्पेवाल्या जागांचं तुमचं बरोबर, तिथं मीही पाय ठेवत नाही. मी सांगतो त्या कॅफेला रस्त्याकडनं पूर्ण काच आहे. आत कोण बसलंय ते बसमधनं दिसतं. एकदा थोरलीच्या बाबांना घेऊन जा. त्यांना गुळाचा चहासुद्धा मिळेल, आता सगळीकडं ठेवतात.

काउंटरच्या_मागून

ताराबाई पार्कात माझा छोटा कॅफे आहे. नाव लिहीत नाही, जाहिरात होईल. दोन्ही बाजूंनी आमच्यावर बोललं गेलंय म्हणून लिहितो.

फाउंड्रीवाले दादा, दीडशे रुपये खुर्चीचं भाडं आहे हे तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण तेच खरं आहे. कपात अठरा-वीस ग्रॅम कॉफी, चिकमगळूरची. दूध आपल्याच जिल्ह्यातलं. त्यात काय दीडशे लागतात? नाही लागत. बाकीचे पैसे गाळ्याच्या भाड्यात, दुकानी दराच्या विजेत, सकाळपासनं तापत ठेवलेल्या मशीनमध्ये आणि दोन पोरांच्या पगारात जातात. मिसळवाल्याची एक खुर्ची सकाळच्या पाळीत पंधरा-वीस माणसं वापरतात. माझी एक खुर्ची दिवसाला चार. म्हणून त्याची प्लेट स्वस्त आणि माझा कप महाग. तो लबाडी करत नाही, मीही करत नाही.

आता ताई, तुमच्याबद्दल. माझ्याकडं आठ टेबलं. दुपारी तीन ते सहा त्यातली पाच लॅपटॉपवाल्यांची. एक कॅपुचिनो, चार तास, वर "दादा, एसी वाढवा की." सहाला कॉलेजची सहा जणांची टोळी दारात येते, ती सँडविच खाणार असते, केक कापणार असते, पण जागा नसते म्हणून ती निघून जाते. चांगला कॅफे सांगा म्हणताना चांगलं गिऱ्हाईक कोण हेही लिहा की कुणीतरी. दीड तासाला काहीतरी एक मागवा. पाण्याची बाटली नको, खायचं मागवा.

आणि एक. बिलावर "सेवा शुल्क" लावलेलं दिसलं तर काढायला सांगा, ते सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच तशा सूचना काढल्यात. माझ्यासारखे जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या कर योजनेत, असलेले तर बिलावर जीएसटीसुद्धा वेगळा घेऊ शकत नाहीत. हे सांगून मी आमच्याच काही धंदेवाल्यांच्या शिव्या खाणार आहे.

आठव्या_गल्लीतून

दीड तासाला एक. मान्य. मागच्या चार तासांबद्दल माफी, तुमच्याच कॅफेत बसत असेन तर.

कोथरूडात_कोल्हापुरी

तीन तास झाले, अजून एकाही कॅफेचं नाव आलं नाही. हा धागा नक्की कशाचा आहे?

वांगीबोळातली

नावं सांगितली की तिथं गर्दी होते. मग बसायला जागा राहत नाही. माझी जागा मी सांगणार नाही. जिन्यानं वर आहे, पावसात काचेवर पाणी येतं तेव्हा सगळ्यात छान दिसते, आणि मालकाच्या आई जायफळ घालून कॉफी करतात. मशीनची नाही, पातेल्यातली. एवढ्यावर शोधा.

पागेच्या_अंगणी

वय झालं, उशिरा वाचलं. कोण कुठं बसून चहा पिणार हा वाद या गावाला नवीन नाही म्हणून लिहितो.

राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे म्हणून नोकर होते. सवर्णांच्या हौदावरचं पाणी घेतलं म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं चहाचं हॉटेल निघालं, नाव सत्यसुधारक. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागवायला लागले. बरोबरच्या मंडळींनाही तोच कप हातात. राजानं प्यायल्यावर नाही कोण म्हणतंय! महाराज १९२२ साली गेले, म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची.

तेव्हा चहा कसा होता हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. चहाच्या चवीसाठी ते कुणी करतच नव्हतं. त्यामुळं या मुलीचं "कॉफी कशी का असेना" मला तरी खटकलं नाही.

उद्यमनगर_फाउंड्री

आबा, तुमच्यापुढं बोलायची माझी लायकी नाही, पण हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. महाराज तिथं बसले म्हणून बाकीचे बसले, बरोबर. पण तिथला चहा कुणालाही घेता येत होता. ताईंच्या काचेच्या कॅफेत माझा मोल्डिंगचा कामगार जाईल का? अंगाला काळी वाळू, पायात सेफ्टी बूट. दीडशे रुपये त्याच्याकडं नाहीत असं नाही, पगाराच्या दिवशी तो पाचशेचं मटण नेतो घरी. पण तो त्या दारात थांबतो. काचेतनं बघतो आणि पुढं जातो. मी बघितलंय. माझ्याच पैशानं चहा पाजतो म्हणलो तरी आत आला नाही. मिसळीच्या दुकानात त्याच्या शेजारी फॅक्टरीचा मालक बसतो आणि दोघं एकाच बादलीतला कट घेतात.

आठव्या_गल्लीतून

यावर माझ्याकडं उत्तर नाही. खरंच नाही. फक्त एवढं सांगतो, त्या बाकावर मालक बसतो, कामगार बसतो, आणि त्यांची बायको बाहेर गाडीत पार्सलची वाट बघत बसते. शेवटच्या वेळी तुम्ही गेला होता तेव्हा मोजून बघा.

उद्यमनगर_फाउंड्री

मोजलं. आज सकाळीच गेलोतो. आत बत्तीस माणसं, त्यात बायका पाच, पाचही घरच्यांबरोबर. एकटी कोण नव्हती. एवढी वर्षं जातोय, कधी बघितलं नव्हतं.

मिसळ मात्र नाद खुळा होती.

पागेच्या_अंगणी

मी रोज संध्याकाळी सहाला गंगावेशीत दूध प्यायला जातो. म्हैस समोर असते, धार काढून ग्लास भरून देतात. चाळीस वर्षं जातोय. हा धागा वाचून काल सौ.ला विचारलं, "कधी आलीस का तिथं?" म्हणाली, "कधी विचारलात का?" आज घेऊन जातो. किती वेळ टेकता येतंय ते कळवतो.

काउंटरच्या_मागून

आबा, फोटो टाका.

पागेच्या_अंगणी

जाऊन आलो. फोटो नाही, ती नको म्हणाली. दोघांनी एकेक ग्लास घेतला. अकरा मिनिटं थांबलो. बसायला काही नाहीच तिथं, हे मला आज कळलं. गुडघ्यामुळं तिला टेकायला लागतं, मला नाही. दूधवाल्यानं आतून एक प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं. उद्या परत येणार म्हणाली, स्टूल ठेवत असाल तर.