मदत हवी आहे: बटलर एकच की दोन?

बोरूबहाद्दर: कॉब्डेनच्या हॅटट्रिकमधला पहिला बळी बटलर. एका डावात दहाच्या दहा विकेटी काढणाराही बटलर. माणूस एकच का? रात्री लेख द्यायचाय, पटकन सांगा.

गल्लीतला पंच: जॉस बटलर कीपर आहे हो, तो कुठल्या दहा विकेटी काढतोय!

बोरूबहाद्दर: जॉस कुठून आला मध्येच? कॉब्डेन म्हटल्यावर आणखी काय सांगायचं?

लेगबाय: साल? मैदान? बटलर कुठल्या बाजूचा? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

बोरूबहाद्दर: 1870, लॉर्ड्स, ऑक्सफर्ड-केंब्रिज. झालं समाधान?

दादरकर: भाऊ-भाऊ असणार. आमच्या कॉलनीत दोन जोशी होते, एक ओपनर, एक अकरावा. स्कोअरर चहाला गेला की धाकट्याच्या धावा थोरल्याच्या नावावर. स्कोअरबुकाचं काही खरं नसतं.

फॉलोऑन: भाऊबिऊ कुणी नाही. एस. ई. बटलर, दोन्हीकडे तोच. 1870ला ऑक्सफर्डला जिंकायला 179 हव्या होत्या. 7 बाद 175 झाल्या आणि कॉब्डेन ओव्हर टाकायला आला. पहिल्या बॉलवर हिलची एक धाव. मग बटलरचा झेल बोर्नकडे, बेल्चर त्रिफळा, स्ट्युअर्ट त्रिफळा. ओव्हर चारच बॉलची असायची तेव्हा. केंब्रिज 2 धावांनी जिंकलं. पुढच्या वर्षी त्याच लॉर्ड्सवर बटलरनं 38 धावांत दहा घेतल्या, सामन्यात 15.

गल्लीतला पंच: 179 हव्यात, 176 झाल्या. म्हणजे 3 धावांनी!

लेगबाय: पंच म्हणवता आणि हे? 178ला बरोबरी. 178 वजा 176 किती?

दादरकर: चूक त्या हिलची. सेट झालेल्यानं एक धाव काढून पलीकडे जायचंच कशाला? नाबाद राहून तिघांची वरात बघत बसला.

फॉलोऑन: चार हव्यात, तीन विकेटी हातात. एक सोडायची? तुम्ही सोडली असती?

दादरकर: सोडली असती.

सिलीपॉइंट: 1871च्या त्या ऑक्सफर्ड संघात लॉर्ड हॅरिसही होते. नंतर 1890 ते 95 मुंबईचे गव्हर्नर. शाळांची हॅरिस शील्ड त्यांच्याच नावाची. आमची शाळा पहिल्याच फेरीत घरी यायची.

लेगबाय: हे कुणी विचारलं होतं?

बोरूबहाद्दर: एक मिनिट. बटलर ऑक्सफर्डचा? मी लेखभर केंब्रिजचा लिहून ठेवलाय.