छोट्या सिनेमाच्या सेटवरचा अवघड दिवस: तुमचे अनुभव लिहा

कमी पैशांत, ओळखीपाळखीवर उभ्या केलेल्या सिनेमात 'राहिलं तर उद्या घेऊ' असं म्हणायची सोय नसते. कॅमेरा दिवसाच्या भाड्यावर, नटांच्या तारखा हातापाया पडून मिळवलेल्या, जागा मोजून चार दिवस मिळालेली. म्हणून हा धागा. तुम्ही लाइट ओढत असा नाहीतर दिग्दर्शन करत असा, एकच दिवस निवडा आणि काय अडलं, कसं निभावलं ते सविस्तर लिहा. ऐकीव किस्से नकोत. सुरुवात मी करते.

मी पहिली सहायक दिग्दर्शक होते. वाईजवळच्या एका वाड्यातला शेवटचा दिवस, कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीवर, ७ सीन. सकाळी ६ ला युनिट पोचलं आणि बघतो तर गल्लीच्या तोंडापासून आठवडी बाजार मांडलेला. जनरेटरची गाडी आत येणं शक्यच नव्हतं. रेकीला, म्हणजे जागा आधी बघायला, आम्ही वेगळ्या वारी गेलो होतो, बाजाराचा वार कोणता हे मी विचारलंच नव्हतं. चूक सरळसरळ माझी होती. घरातल्या विजेवर मोठे लाइट लावले तर व्होल्टेज पडत होतं.

कॅमेरामन दादा दहा मिनिटं नुसते वाड्याच्या आतल्या चौकात उभे राहिले, वर आभाळाकडे बघत. मग म्हणाले, "माजघरातला सीन इथे घेऊ. लाइट वरून येतोय की." आजींचं मोठं स्वगत होतं ते, सिनेमाचा कणाच. शेजारच्या काकूंनी दोन पांढरी धोतरं दिली, ती चौकावर ताणून उन्हाची धार मारली, एका बाजूने थर्माकोल धरला. ऊन सरकत होतं म्हणून आधी वाइड (लांबचे शॉट) उरकले, क्लोज (जवळचे) मागे ठेवले. फरशीवर उन्हाची कड होती तिथे मी खडूने रेघ ओढत होते, दर टेकला नवी रेघ. दुसऱ्या टेकला सावली आजींच्या पायांच्या बोटांशी आली होती आणि त्या बोलता बोलता पाय जरासे आत घेत गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमात तोच टेक आहे.

सातातले पाच सीन झाले. राहिलेल्या दोनांतला एक सीन मला अजून हवा आहे. आता रेकीला गेले की आधी बाजाराचा वार, शाळेची घंटा आणि देवळातल्या भोंग्याची वेळ विचारते, वाडा नंतर बघते.

साउंड, रत्नागिरी जिल्ह्यातलं शूट

सिंक साउंड होता, म्हणजे आवाज सेटवरच शूटबरोबर रेकॉर्ड करायचा, डबिंगला पैसेच नव्हते. पहाटे गाव इतकं शांत की नटाच्या लेपल माइकवर त्याचा सदरा घासलेला ऐकू येत होता. १० ला पिठाची गिरणी सुरू झाली. घर आणि गिरणी यांच्यात फक्त एक वई, म्हणजे कुंपण.

मी स्वतः गेलो. गिरणीवाले काका म्हणाले, "लोकांची दळणं आलीत. संध्याकाळच्या भाकऱ्या ह्याच पिठाच्या. बंद कशी ठेवू?" पैसे देऊ केले तर त्यांना ते आवडलं नाही, आणि मलाही नंतर वाईट वाटलं. मग त्यांनीच सुचवलं की एक डबा दळून झाला की पुढचा घालण्याआधी ५ मिनिटं थांबतो. आमचा एक पोरगा गिरणीत बसवला. गिरणी चालू असेपर्यंत लाइटिंग आणि रिहर्सल, थांबली की फोन आणि लगेच टेक. अख्खा सीन असा डब्याडब्याने झाला. नटांना दर वेळी त्याच भावनेत परत यायचं होतं, त्यांचे कष्ट आमच्यापेक्षा जास्त.

शेवटी रूम टोन घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची, एडिटला दोन तुकड्यांमधली फट भरायला ती लागते. दारात गिरणीवाले काका उभे होते, पापण्यांवर पीठ, श्वास रोखून.

कॅमेरा अटेंडंट, पुणे

दुपारी ४ ला मी भरलेलं कार्ड रिकामं समजून फॉरमॅट केलं. त्यात सकाळचा सगळा सीन होता. हातपाय गार पडले, पण लपवलं नाही, त्याच मिनिटाला सांगितलं. म्हणून वाचलो. फॉरमॅट केल्यावर फुटेज लगेच पुसलं जातं असं नाही, वर नवीन काही रेकॉर्ड झालं की जातं. कार्ड बाजूला काढलं, रात्री रिकव्हरी सॉफ्टवेअरवर लावलं, दोन शॉट सोडून सगळं मिळालं. तेव्हापासून भरलेल्या कार्डावर लाल टेप, आणि दोन हार्ड डिस्कवर कॉपी तपासून झाल्याशिवाय ती टेप निघत नाही.

प्रॉडक्शन

३८ माणसं आणि जेवणवाला आलाच नाही, फोन बंद. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी दोन तासांत पिठलं, भाकरी, ठेचा करून दिला. १९१२ साली दादरला दादासाहेब फाळक्यांच्या युनिटचं जेवण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या, वर उन्हात पांढरी चादर धरून उजेडही परतवायच्या. त्या दिवशी चुलीपुढे बसले तेव्हा त्यांची फार आठवण झाली.

कॅमेरा, गोवा

सत्तरी तालुक्यात जुलैमध्ये पावसाचा सीन होता. दिवसभर धो धो पडला, मॉनिटरवर मात्र काहीच नाही, नुसतं राखाडी. पाऊस मागून उजेड पडल्याशिवाय दिसत नाही. मागे गर्द झाडी येईल असा कोन धरला, दोन जीप आडबाजूला लावून हेडलाइट पावसावर मारले, तेव्हा कुठे धारा दिसल्या.

वेशभूषा आणि कंटिन्युइटी, कोल्हापूरकडचं शूट

आमची मुख्य नटी ८ वर्षांची. एका सीनचा अर्धा भाग आदल्या दिवशी झाला होता. सकाळी तिची आई तिला घेऊन आली ती रुमालाची पुरचुंडी हातात धरूनच. वरचा पुढचा दात रात्री पडला. पोरगी रडवेली, आपल्यामुळे सिनेमा बंद पडणार म्हणून.

खोटा दात बसवावा असं एकजण म्हणाला, दिग्दर्शकाने ऐकूनही घेतलं नाही. आधी तिला मांडीवर घेऊन बसला. मग उरलेला सीन तिच्या पाठीमागून, वडिलांच्या चेहऱ्यावर घेतला. आदल्या दिवशीचे फोटो समोर ठेवून मी वेणीची रिबन किती सैल होती तेवढं बघत होते, कारण आता फ्रेममध्ये तीच दिसणार होती.

पुढच्या सीनमध्ये मात्र दात पडलेलाच हवा होता, म्हणून दुपारी एक छोटा प्रसंग लिहिला: ती दात कौलांवर फेकते. दात खरा, तिचा स्वतःचा, म्हणजे टेक एकच. फोकस दोनदा तपासला, सगळे गप्प झाले. तिने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि फेकला. कौलावर टक् असा बारीक आवाज झाला, तो साउंडला स्वच्छ मिळाला.