मदत हवी आहे: इशापूरच्या (बंगालमधला रायफल कारखाना) १९४२ च्या थ्री नॉट थ्री रायफलीबद्दल, पुढच्या लाकडावर तार गुंडाळलेली

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहतो. गेल्या महिन्यात इथल्या एका वृद्ध संग्राहकाच्या घरचं सामान विक्रीला निघालं, तेव्हा ही ली-एनफील्ड रायफल घेतली. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगावला ट्रेनिंगमध्ये असताना काढलेला त्यांचा एकुलता एक फोटो आमच्याकडे आहे, खांद्याला रायफल लावलेला. तिची नळी पुढच्या बोथट टोपीबाहेर (नोजकॅप) जेमतेम दिसते, म्हणजे ती ली-एनफील्डचा जुना, नंबर १ प्रकार होती. नंतरच्या नंबर ४ प्रकाराची नळी चांगली पुढे आलेली असते. तशीच, आपल्याकडे घडलेली रायफल मी कित्येक वर्षं शोधत होतो.

दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी भागावर, उजव्या बाजूला मुकुट, खाली जीआरआय (राजा जॉर्जची आद्याक्षरं), मग इशापूर, १९४२, आणि मार्क ३ पुढे चांदणी. मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधल्या गोळ्या अडवून एकेक गोळी हाताने भरू देणारी पट्टी) नाही; चांदणी म्हणजे तो भाग वगळलेला, तेव्हा ते जुळतं. मॅगझिनही जुन्या घडणीचं आहे, साठच्या दशकात इशापूरलाच घडलेल्या ७.६२ मिमीच्या २ए रायफलीसारखं चौकोनी नाही. नोजकॅपवरचा नंबर जुळतो, पण बोल्टवरचा (मागून गोळी बंद करणारा सरकता दांडा) जुळत नाही.

अडलंय ते तारेपाशी. पुढचं लाकूड आणि नळीवरचं लाकडी झाकण दोन्ही मिळून तांब्याची तार घट्ट गुंडाळली आहे, वरून डाग दिलाय. नळीच्या तोंडाशी कप बसवून हातबॉम्ब फेकायच्या रायफलींना अशी तार असे, धक्क्याने लाकूड फुटू नये म्हणून, एवढं माहीत आहे. पण लाकडाखाली गंज आहे का, नळीवर आणखी शिक्के आहेत का, हे बघायचं तर तार कापावी लागेल. ती कापायला माझा हात धजत नाही. आणि पुढचं लाकूड काढल्याशिवाय दस्ता धरून ठेवणारा लांब स्क्रू फिरवायचा नाही, नाहीतर लाकूड चिरतं. म्हणजे दस्ताही सोडवता येत नाही.

तर जाणकारांना विचारतो:

अशी तार घडवतानाच गुंडाळत, की नंतर दुरुस्तीच्या वेळी? रायफलीवर पाहून ते ओळखता येतं का?

तार न कापता लाकडाखालचा गंज थोपवायचा काही उपाय कुणी केला आहे का? नळी आतून स्वच्छ आहे, आटे ठसठशीत दिसतात.

बोल्ट बदललेला, त्यात बॉम्ब फेकून झालेली रायफल. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून गेजने हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि गोळी जिथे टेकते ती जागा यांतलं अंतर) तपासल्याशिवाय मी एकही गोळी झाडणार नाही. पण हेडस्पेस बरोबर निघाली तरी अशा रायफलीतून साध्या गोळ्या झाडाव्यात का? 'डीपी'चा (ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीसाठी, झाडायची नाही) शिक्का कुठेच नाही, दस्ताही नीट पाहिला. न झाडता नुसती जपून ठेवावी असं म्हणालात तर तेही आनंदाने करीन.

फोटो उद्या दिवसाउजेडी काढून टाकतो. आणखी कुठला भाग जवळून हवा असेल तर आत्ताच सांगा.